साध्या चित्रफितींची धर्मसेवा
(महोत्सवाच्या पूर्वतयारीच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



मागील सभेंत आपल्या तरुणांनीं अशी सूचना मांडली होती, कीं महोत्सवानिमित्त एक भारी कॅमेरा विकत घ्यावा आणि धर्मग्रामाच्या चित्रफिती, म्हणजे ज्यांस आपण व्हिडिओ म्हणतों त्या, तयार कराव्या. कांहीं वडीलधाऱ्यांनीं तीस विरोध केला. दोन्ही पक्षांचें म्हणणें मीं मनांत घोळविलें आहे. माझें मत आज आपणांपुढें ठेवितों.

चलच्चित्र आणि धर्म यांचें नातें महाराष्ट्रास नवें नाहीं. 1910 च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनीं मुंबईच्या एका चित्रगृहांत प्रभु येशूच्या चरित्रावरील मूकपट पाहिला, आणि आपल्या देवादिकांचीं चरित्रेंही अशींच पडद्यावर यावींत, ही तळमळ त्यांस लागली. 1913 सालीं 'राजा हरिश्चंद्र' निघाला. परंतु तत्पूर्वीं भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविण्यास त्यांनीं काय दाखविलें? वाटाण्याचें एक रोप! थोड्याथोड्या वेळानें एकेक चित्र घेऊन त्यांनीं त्या रोपाची वाढ कांहीं क्षणांत डोळ्यांपुढें उभी केली. पुढें 1936 सालीं पुण्याच्या प्रभात कंपनीनें 'संत तुकाराम' हा बोलपट काढला, आणि या देहूगांवच्या संतांचें चरित्र दुसऱ्याच वर्षीं इटलींतील व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविलें गेलें.

पवित्र सभेनेंही या साधनाकडे पाठ फिरविली नाहीं. 1963 सालीं दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें प्रसारसाधनांविषयीं स्वतंत्र फर्मान काढलें. त्याआधींच, 1958 सालीं, आसिसीच्या संत क्लारेस दूरचित्रवाणीची आश्रयदात्री ठरविण्यांत आलें होतें. कारण असें सांगतात, कीं ती अंथरुणास खिळली असतां नाताळच्या रात्रींचा विधि तिला आपल्या खोलींतूनच दिसला. आपल्या धर्मग्रामांतही अशीं आजारी माणसें आहेत. चाकण-तळवड्याच्या कारखान्यांत रविवारीं पाळीवर जाणारे बंधु आहेत. साधन हवें तें त्यांच्यासाठीं.

आतां माझ्या दोन चुका सांगतों. 2020 सालच्या टाळेबंदींत मीं व्हरांड्यांत उभें राहून पंचवीस मिनिटांचें प्रवचन मोबाइलवर घेतलें आणि घरोघरीं पाठविलें. एक आजोबा मागाहून म्हणाले, "फादर, आपण दिसलांत खरे, पण वाऱ्यापुढें ऐकूं कांहींच आलें नाहीं." दुसरी चूक याहून मोठी. मुलांच्या नाताळच्या नाटकाची चित्रफीत मीं कोणास न विचारतां सर्वत्र पाठविली. दुसऱ्या दिवशीं एक माउली रडत आली. आपलें लेंकरूं कोठें राहतें, हें एका माणसास कळूं नये म्हणून ती येथें येऊन राहिली होती. मीं ती चित्रफीत तत्काळ काढून टाकली आणि तिची क्षमा मागितली. परंतु सुटलेला बाण कोणास परत आणतां येतो?

म्हणून माझें सांगणें असें. भारी कॅमेरा नको. हातांतील मोबाइल पुरेसा आहे. तो आडवा धरून पुस्तकांच्या चळतीस टेकवावा. बोलणाऱ्याचें तोंड खिडकीकडे असावें, पाठ नव्हे. चित्र थोडें अंधुक चालेल, पण आवाज स्वच्छ हवा; त्यासाठीं कांहीं शें रुपयांचा सदऱ्यास लावावयाचा मायक्रोफोन घ्यावा. एका वेळीं एकच विषय, तोही तीन मिनिटांत. ऐकूं न येणाऱ्यांसाठीं खालीं अक्षरें द्यावींत. परवानगीवांचून कोणाचें गीत घेऊं नये, कीं कोणाचा चेहरा दाखवूं नये. आणि मुलांच्या बाबतींत आईबापांची लेखी संमति घ्यावी.

वडीलधाऱ्यांची शंकाही रास्त आहे. ख्रिस्तप्रसाद पडद्यांतून हातीं येत नाहीं, आणि चित्रफीत ही पवित्र मिस्साची जागा घेऊं शकत नाहीं. म्हणून ज्या घरीं चित्रफीत जाईल, त्या घरीं त्याच आठवड्यांत आपल्यांतील कोणीतरी स्वतः जावें. चित्रफीत ही हांक आहे, भेट नव्हे.

शेवटीं एक सल सांगतों. आपल्यांतील एक वृद्ध भगिनी उपवासकाळांत क्रुसाच्या वाटेचीं जुनीं मराठी गीतें म्हणत असे. तीं कोठें लिहिलेलीं नव्हतीं. 'पुढच्या वर्षीं ध्वनिमुद्रित करूं,' असें मीं दोन वर्षें म्हणत राहिलों. ती प्रभूच्या घरीं गेली, आणि तिच्याबरोबर तीं गीतेंही गेलीं. माझ्या खिशांत मोबाइल होता. केवळ आळस आडवा आला.

तरुणांनो, महोत्सवाची पहिली चित्रफीत मंडपाची किंवा माझी करूं नका. घरोघरीं जा, वृद्धांच्या पायांशीं बसा आणि त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत घ्या. कॅमेऱ्यासाठीं जमणाऱ्या पैशांतून एक मायक्रोफोन घ्यावा, आणि उरलेली रक्कम आजाऱ्यांच्या औषधपाण्यास द्यावी, असा माझा ठराव आहे. आपणांस तो मान्य असेल, तर येत्या रविवारींच आरंभ करूं.

प्रभु आपल्या या लहानशा कार्यास आशीर्वाद देवो. आमेन.