२१२ मैलांची लॅप आणि चार भोकांची प्लेट

हेडफोन नीट लावा, आज विषय वेगाचा आहे.

मागच्या मोटरस्पोर्टच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला: "दादा, अमेरिकेतल्या नॅसकारमध्ये म्हणे सगळ्यांच्या गाड्या जवळपास सारख्याच असतात आणि काही ट्रॅकवर इंजिनाची ताकदही मुद्दाम कमी करतात. मग त्याला रेस कशाला म्हणायचं? आणि इंजिनिअर लोक तिथे करतात तरी काय?"

प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर द्यायला मला थेट १९४९ पर्यंत मागे जावं लागेल.

'स्टॉक कार' म्हणजे कंपनीने जशी बनवली तशीच गाडी. निदान मूळ कल्पना तरी तीच होती. १९४८ मध्ये नॅसकार ही संघटना उभी राहिली आणि जून १९४९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला 'स्ट्रिक्टली स्टॉक' प्रकारातली पहिली शर्यत झाली. ग्लेन डनअवे सगळ्यांच्या पुढे आला. पण शर्यतीनंतर तपासणी झाली, तर त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार सापडला. त्या काळात चोरटी दारू वाहून नेणारे लोक असले बदल करायचे, म्हणजे मागे माल भरलेला असतानाही गाडी नीट पळते. डनअवे बाद झाला आणि जिम रोपर विजेता ठरला. गाडीचा मालक कोर्टात गेला, पण तिथेही हरला.

म्हणजे बघा, पहिल्याच शर्यतीत हा झगडा सुरू झाला. एका बाजूला नियमपुस्तक आणि दुसऱ्या बाजूला नियमातली फट शोधणारा मेकॅनिक.

या फट शोधणाऱ्यांचा बादशहा म्हणजे स्मोकी युनिक. त्याचा एक किस्सा नॅसकारमध्ये आजही सांगतात. पेट्रोलची टाकी किती मोठी हवी ते नियमात होतं, पण टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या पाइपबद्दल काहीच नव्हतं. मग पठ्ठ्याने ११ फूट लांब आणि २ इंच जाडीचा पाइप बसवला! हिशोब केला तर त्या पाइपमध्येच ६-७ लिटर पेट्रोल मावतं. ऐकून हसू येतं, कारण यात कुणाचा जीव जात नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता वेगाकडे येऊ. अलाबामा राज्यात टॅलाडेगा नावाचा ट्रॅक आहे. एक फेरी २.६६ मैलांची, म्हणजे सव्वाचार किलोमीटरपेक्षा थोडी जास्त. वळणांवर रस्ता ३३ अंशांनी तिरका आहे. इतका, की पायी चढताना हात टेकावेसे वाटतील. या उतारामुळे वळणावरही गाडीचा वेग फारसा कमी करावा लागत नाही. १९८७ मध्ये बिल एलियटने इथे ताशी २१२.८०९ मैलांच्या सरासरीने पात्रता फेरी मारली. म्हणजे ताशी ३४२ किलोमीटर! पूर्ण फेरी ४५ सेकंदांच्या आत. या वेगाने मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे १७ मिनिटांत संपेल. नॅसकारमधला पात्रता फेरीचा हा विक्रम आजही मोडलेला नाही, आणि का मोडलेला नाही ते पुढे आहे.

त्याच आठवड्यात तिथे शर्यत झाली. बॉबी अ‍ॅलिसनच्या गाडीचा टायर फुटला, गाडी फिरून उलट तोंडाची झाली आणि हवेत उचलली गेली. समोर प्रेक्षक होते. गाडी त्यांच्यापुढच्या जाळीवर आदळली आणि जाळी फाटली. अनेक प्रेक्षक जखमी झाले, पण गाडी स्टँडमध्ये घुसली नाही. तसं झालं असतं तर काय, याचा विचारही नको. बॉबी बचावला. ती शर्यत त्याच्या मुलाने, डेव्ही अ‍ॅलिसनने जिंकली.

इथे थोडं फिजिक्स. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ३०० वरून ३४२ झाला तर तो वाढला १४ टक्के, पण ऊर्जा वाढली ३० टक्के. शिवाय गाडी उलटी फिरली की तिचा आकार विमानाच्या पंखासारखा वागायला लागतो आणि हवा तिला वर उचलते.

मग १९८८ पासून टॅलाडेगा आणि डेटोना या दोन ट्रॅकवर 'रिस्ट्रिक्टर प्लेट' आली. ही धातूची एक पातळ पट्टी, तिला चार भोकं. ती कार्ब्युरेटरच्या खाली बसवायची. इंजिनाला हवा कमी मिळते, हवा कमी म्हणून ताकद कमी, आणि ताकद कमी म्हणून वेग कमी. उपाय साधा, स्वस्त आणि सगळ्यांना सारखा.

प्रश्न सुटला? अर्धा. सगळ्यांची ताकद सारखी झाल्यावर कुणालाच पुढे सटकता येईना. तीस-चाळीस गाड्या एकाच घोळक्यात, बंपरला बंपर लावून, ताशी ३०० किलोमीटरने धावायला लागल्या. त्यात एकाचा स्टिअरिंग जरासा हलला की मागचे वीस जण एकमेकांवर आदळणार. या सामूहिक अपघाताला तिकडे 'द बिग वन' असं नावच पडलं. एका गाडीने हवेत उडण्याचा धोका कमी झाला, पण त्या बदल्यात घोळक्याचा धोका आला. प्रेक्षकांना तर ही घोळक्याची शर्यत आवडायला लागली. मला यात सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते: जो उपाय सुरक्षेसाठी आणला, त्यातून तयार झालेला धोकाच तिकीट विकायला लागला.

पुढचा टप्पा काळजाला लागणारा आहे. मे २००० ते फेब्रुवारी २००१ या काळात नॅसकारच्या मोठ्या मालिकांमधले चार ड्रायव्हर गेले. अ‍ॅडम पेटी, वय फक्त १९. केनी अर्विन. टोनी रोपर. आणि १८ फेब्रुवारी २००१ ला, डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत, सात वेळा मालिकेचा चॅम्पियन ठरलेला डेल अर्नहार्ट. टीव्हीवर तो अपघात फार भयंकर दिसला नव्हता. पण गाडी भिंतीवर आदळून थांबते, शरीर पट्ट्यांमुळे थांबतं आणि डोकं मात्र पुढे जात राहतं. सगळा ताण येतो तो मान आणि कवटी जिथे जुळतात तिथे.

आता नीट ऐका. यावरचा उपाय तेव्हा उपलब्ध होता! 'हॅन्स' नावाचं एक उपकरण आहे. खांद्यावर बसणारी कॉलर आणि तिला हेल्मेट जोडणारे पट्टे. बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि रेसर जिम डाउनिंग यांनी १९८० च्या दशकातच त्यावर काम सुरू केलं होतं. पण नॅसकारमध्ये ते सक्तीचं नव्हतं. अनेकांना ते अवघडल्यासारखं वाटायचं, आणि अर्नहार्टही ते वापरत नव्हता. ऑक्टोबर २००१ मध्ये मान आणि डोकं धरून ठेवणारं असं साधन सक्तीचं झालं. २००२ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाच्या इंजिनिअरांनी बनवलेली 'सेफर' भिंत आली. काँक्रीटच्या पुढे फोमचे ठोकळे आणि त्यापुढे स्टीलच्या नळ्या, म्हणजे धक्का भिंतच पिऊन टाकते. अर्नहार्टनंतर गेल्या २० वर्षांहून जास्त काळात नॅसकारच्या सर्वोच्च कप मालिकेच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही.

मग कुणी म्हणेल, झालं तर! इंजिनिअरांचं स्वातंत्र्य बंद करा, सगळं वरून ठरवा, सगळे सुरक्षित.

थांबा, २०२२ बाकी आहे. त्या वर्षी 'नेक्स्ट जेन' गाडी आली. आधी टीम स्वतःच्या वर्कशॉपमध्ये चेसिस बनवायच्या. आता चेसिससकट बहुतेक भाग ठरलेल्या एकाच पुरवठादाराकडून घ्यायचे, आणि त्यांना हात लावला तर दंड. त्याच वर्षी ब्रॅड केसेलोव्स्कीच्या टीमला अशाच फेरफारासाठी १ लाख डॉलर दंड झाला आणि १०० गुण गेले. हेतू चांगला होता: खर्च कमी व्हावा आणि छोट्या टीमलाही संधी मिळावी.

पण गाडीचा मागचा भाग जरा जास्तच कडक निघाला. मागून भिंतीवर आदळली की गाडी चेपायची कमी आणि धक्का थेट ड्रायव्हरपर्यंत जायचा. जुलैमध्ये पोकोनोला कर्ट बुशच्या मेंदूला मार बसला. २००४ चा हा चॅम्पियन कप मालिकेत परत उतरलाच नाही. सप्टेंबरमध्ये टेक्सासला अ‍ॅलेक्स बोमनचं तेच झालं आणि त्याच्या पाच शर्यती हुकल्या. ड्रायव्हर उघडपणे तक्रार करत होते, टीमला दुखणं कळत होतं, पण कुणालाच आपल्या गाडीत दुरुस्ती करायची परवानगी नव्हती. एकच डिझाइन असेल तर एकच चूक सगळ्यांच्या गाडीत असते. शेवटी नॅसकारनेच मागचा भाग जास्त चेपेल असा बदलला, पण तो आला २०२३ च्या हंगामात.

तर मेसेज करणाऱ्या मित्रा, माझं उत्तर असं. स्मोकी युनिकचा पाइप आठवतो? तिथे युक्ती फसली असती तर फार तर शर्यत गेली असती. जिथे युक्ती फसल्यावर फक्त निकाल बदलतो, तिथे इंजिनिअरला मोकळं सोडावं. जिथे ती फसल्यावर माणूस मरतो, तिथे नियम सगळ्यांना सारखा आणि कडक हवा. पण त्या कडक नियमालाही एक दार हवं, म्हणजे ड्रायव्हर "दुखतंय" म्हणाला की हंगाम संपायची वाट न बघता बदल होईल. आणि हे विसरू नका की हॅन्स काही नियमपुस्तकातून जन्मलं नाही. मोकळेपणाने प्रयोग करणाऱ्या दोन माणसांनी ते बनवलं. नियमाने ते प्रत्येकाच्या खांद्यावर पोचवलं, तेही चार जीव गेल्यावर.

तुमच्यापैकी ज्यांना बाइक मॉडिफाय करायचा नाद आहे, त्यांनाही हाच हिशोब लागू. रंग, सीट, स्टिकर, हवं ते करा. ब्रेकला हात लावण्याआधी मात्र दहा वेळा विचार करा.

तुम्हाला काय वाटतं? टॅलाडेगाला इंजिनाच्या ताकदीवरची मर्यादा काढून गाड्या पुन्हा मोकळ्या सोडाव्यात का? हो म्हणणाऱ्यांनी एवढं सांगा, की तुम्ही त्या जाळीच्या नेमके किती जवळ बसाल! कमेंटमध्ये लिहा, निवडक उत्तरं पुढच्या भागात वाचून दाखवतो. तोपर्यंत गाडी जपून चालवा. भेटूच!