तिकिटातला वाटा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



फ्रान्सच्या सिनेमावर मी बोलणार हे कळल्यावर आमच्या शेजारीण म्हणाल्या, “अहो, पांझरेच्या पुलापलीकडचे तरी काही बोला!” तेव्हा सुरुवात जवळूनच करते. आपल्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक स्मिता. 1984 साली तिच्या चित्रपटांचा खास महोत्सव झाला तो फ्रान्समध्ये. ती 1986 साली गेली; 2024 साली कान येथे तिचा ‘मंथन’ नव्याने दुरुस्त करून दाखवला, तेव्हा तिचा मुलगा तिथे हजर होता.

या लोकांना सिनेमाचे एवढे अगत्य का, याची मला उत्सुकता वाटली. युद्धात फ्रान्स खंगला होता. 1946 साली कर्जाच्या सवलतीपोटी त्याने अमेरिकन चित्रपटांना वाट मोकळी करून दिली, आणि घरचे निर्माते धास्तावले. मग 1948 पासून तिकिटातला थोडा वाटा बाजूला काढू लागले. आज तो शंभरात दहा-अकरा इतका आहे. चित्रपट अमेरिकन असला तरी वाटा द्यावाच लागतो! त्या पैशातून नवे चित्रपट निघतात, चित्रपटगृहांनाही मदत होते. आपली भिशीच म्हणा, फक्त सरकारने चालवलेली. आपल्याकडे ‘मंथन’ असाच निघाला होता; गुजरातच्या पाच लाख दूध-उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले होते.

1959 पासून नुसते लिखाण पाहून उचल देण्याची सोयही तिथे झाली. त्याच सुमारास तरुण मंडळी कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरली. त्यांत आन्येस वार्दा ही बाई होती. तिचा 1962 चा ‘क्लिओ’ माझ्या नातीने मला दाखवला. एक गायिका दवाखान्याच्या तपासणीचा निकाल कळेपर्यंत पॅरिसभर हिंडते, एवढीच गोष्ट. सुरुवातीला ती आरशात स्वतःलाच न्याहाळते. पुढे पुढे रस्त्यावरची माणसे पाहू लागते. रिपोर्टची वाट पाहत बाकावर बसलेल्या बाईला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

2024 साली कानचे दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक मिळाले ते पायल कपाडियांच्या मुंबईतल्या परिचारिकांवरील चित्रपटाला. त्याच्या निर्मितीत फ्रेंच संस्थेचा मोठा हात होता. त्यात छाया कदमांची पार्वती आहे. इस्पितळात स्वयंपाक करते. नवरा वारलेला, बिल्डर घर खाली करायला सांगतो, आणि खोली आपली म्हणायला हाती कागद नाही. घरच्या उताऱ्यावर आपले नाव आहे का, हे मी त्या रात्री कपाट उघडून पाहिले. नव्हते. अर्ज दिला आहे.

आता माझी सूचना. येत्या दिवाळीनंतर मंडळाच्या सभागृहात ‘उंबरठा’ दाखवावा, रीतसर परवानगी घेऊन आणि तिकीट लावून. दर दहा रुपयांतला एक बाजूला ठेवावा. आपल्या गल्लीतल्या एका मुलीला कॅमेरा शिकायचा आहे. नाव सांगत नाही. तिची आई दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि तिने अजून होकार दिलेला नाही.