संगणकातले टपालघर
(येरमाळा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्या येरमाळ्यातील एका होतकरू मुलाने शिष्यवृत्तीचे कागद ई-मेलने पाठविले. पत्र गेल्याची खूण पडद्यावर दिसली आणि तो निर्धास्त झाला. पत्त्यात एक अक्षर चुकले होते. पत्र लगेच परत आले, सोबत 550 हा आकडा. जाहिरात समजून त्याने ते उघडलेच नाही. मुदत टळली, वर्षाची शिष्यवृत्ती गेली. त्या दिवसापासून मी मुलांना पत्र पाठविण्याऐवजी टपालघर चालवावयास शिकवितो.

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर ई-मेल रे टॉमलिन्सन यांनी 1971 साली अमेरिकेत पाठविली. ती पोचविण्याचे एसएमटीपी नावाचे नियम जॉन पोस्टेल यांनी 1982 साली लिहिले. मूळ गाभा आजही तोच आहे.

यास खर्च फार नाही. एक जुना संगणक, त्यावर लिनक्स आणि पोस्टफिक्स. दोन्ही फुकट मिळतात. आपल्या टपालघराच्या नावाचा शेवट 'डॉट टेस्ट' असा करा. 1999 पासून हा शेवट चाचणीसाठीच राखून ठेवला आहे, म्हणून आपले पत्र चुकून कुणा खऱ्या माणसाच्या पेटीत पडत नाही.

मग टेलनेटने 25 क्रमांकाच्या पोर्टवर जा आणि सर्व्हरशी हातानेच बोला. तो 220 म्हणून स्वागत करतो. आपण नाव सांगावे, पाठविणारा सांगावा, घेणारा सांगावा. प्रत्येक वेळी 250 आले की समजावे, मान्य आहे. मजकूर संपला की एका ओळीवर नुसता पूर्णविराम द्यावयाचा. आमच्या एका विद्यार्थिनीने तो दिला नाही, आणि पाच मिनिटे वाट पाहून सर्व्हरने जोडणीच तोडली! मराठीच्या पेपरात पूर्णविराम विसरला तर एवढी शिक्षा होत नाही.

बिघाड झाला की मुले घाईने सगळे पुसून नव्याने मांडतात. तसे करू नका. आधी लॉग, म्हणजे टपालघराची रोजनिशी वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असेल तर यंत्र जागेवर आहे, पण खिडकीशी कुणी नाही: पोस्टफिक्स बंद असेल, किंवा तो फक्त स्वतःच्याच यंत्राचे ऐकत असेल. काहीच उत्तर न येता वेळ संपली तर वाटेत फायरवॉल आहे. इंटरनेट पुरविणाऱ्या अनेक कंपन्या घरगुती जोडणीवर बाहेर जाणारे 25 चे पोर्ट बंद ठेवतात. तेथे आपल्या मांडणीला दोष देऊ नये.

चारने सुरू होणारा आकडा म्हणजे 'नंतर या'. असे पत्र पोस्टफिक्स सहसा पाच दिवस सांभाळून पुनःपुन्हा नेतो. पाचने सुरू होणारा म्हणजे स्पष्ट नकार. '554 रिले ॲक्सेस डिनाइड' दिसले की काहीजण दार सर्वांनाच उघडून देतात. हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे, कारण मग जगभरचे भुरटे आपल्या नावावर रद्दी टपाल पाठवू लागतात. परवानगी फक्त आपल्या खोलीतल्या यंत्रांना द्यावी.

दर शनिवारी दुपारी हा संगणक चालू असतो. पालकांनीही यावे, आणि आपल्या खात्यात परत आलेली, न उघडलेली पत्रे असतील तर ती दाखवावीत. बसून वाचू.