देवयानीच्या भेटीची वेळ



कोजागरीला मसाल्याचे दूध झाल्यावर आम्ही मुलांना गच्चीवर देवयानी तारकाविश्व दाखवावयास नेले. पौर्णिमेच्या चांदण्यात तो फिकट पुंजका दिसेना, मुले हिरमुसली. चूक आमचीच. आम्ही पंचांग पाहिले, पण ते दुधासाठी!

तारे रोज सुमारे ४ मिनिटे, म्हणजे महिन्याला २ तास लवकर माथ्याशी येतात. देवयानी ऑक्टोबरच्या आरंभी मध्यरात्री, तर नोव्हेंबरअखेर रात्री साडेआठच्या सुमारास उत्तरेस सर्वांत उंच असते. लहानांना हीच वेळ सोयीची. म्हणून यंदा आम्ही कार्तिकी अमावास्या आणि गावाबाहेरचे, दिव्यांपासून दूरचे शेत निवडले आहे.

सुमारे २५ लक्ष वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश दारी येतो. त्याच्या स्वागतास आपण वेळेवर नको काय?