बीजदोष आणि भाकीत

अक्षय्यतृतीयेच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यांतील भेंडवळ गांवाकडे साऱ्या वऱ्हाडाचे डोळे लागलेले असतात. शेतांत घट मांडावयाचा, त्याभोंवतीं धान्यें रचावयाचीं आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे त्यांत झालेला फरक पाहून पाऊसपाण्याचें भाकीत सांगावयाचें, अशी तेथील जुनी परंपरा आहे. कास्तकार तें भाकीत ऐकतो तो केवळ कुतूहलानें नव्हे. घरांतला पैसा बियाण्यांत घालावा कीं राखून ठेवावा, हा प्रश्न त्याच्या मनांत असतो. लग्नाला आठ-दहा वर्षें होऊनहि ज्यांच्या घरीं पाळणा हलला नाहीं, तीं अमरावती-अकोल्याकडचीं माणसेंहि नागपूर-मुंबईच्या डॉक्टरांपुढें असाच प्रश्न घेऊन बसतात : "उपचार केला तर मूल होईल काय ?" पुरुषाच्या जन्मजात बीजदोषामुळें जेथें संतति होत नाहीं, तेथें या प्रश्नाचें उत्तर कितपत देतां येतें, याचा आज आपणांस विचार करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मूल न झाल्यास आपल्याकडे बोट दाखविलें जातें तें सुनेकडे. उपास, नवस, औषधें, क्वचित् नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणींहि होतात, आणि एवढें होईपर्यंत नवऱ्याच्या वीर्याची साधी तपासणीहि झालेली नसते. वस्तुतः अपत्यहीन जोडप्यांपैकीं सुमारें निम्म्या ठिकाणीं पुरुषाकडील कारण एकटें किंवा जोडीनें असतेंच. शंभर पुरुषांमागें सुमारें एकाच्या वीर्यांत शुक्राणु मुळींच आढळत नाहींत. असा पुरुष दिसण्यांत, कामांत आणि संसारांत इतरांसारखाच असूं शकतो. वंध्यत्व म्हणजे नपुंसकत्व नव्हे.

कपाशीच्या मुलखांत तर हें समजणें कठीण नसावें. संकरित बियाणें तयार करतांना मादी-वाणाच्या प्रत्येक फुलांतील पुंकेसर हातानें काढावे लागतात. तें श्रम वांचावेत म्हणून ज्या झाडांत पराग धरतच नाहीं असे नरवंध्य वाण संशोधक वापरतात. तो गुण बियांतूनच उतरतो, आणि त्याबद्दल झाडास कोणी नांवें ठेवीत नाहीं. आपल्या चरकसंहितेच्या शारीरस्थानांतहि, बीजाचा जो भाग बिघडलेला असेल त्या भागापासून होणारें अंग बिघडतें, असा विचार आलेला आहे.

आधुनिक शास्त्रानें हा बिघडलेला भाग प्रत्यक्ष दाखविला. मनुष्याच्या पेशींत ४६ गुणसूत्रें असतात. पुरुषांत त्यांपैकीं एक 'एक्स' व एक 'वाय' असें असतें. १९४२ सालीं अमेरिकेंतील डॉ. क्लाइनफेल्टर यांनीं एका विशिष्ट प्रकारच्या वंध्य पुरुषांचें वर्णन केलें. अशा पुरुषांत एक 'एक्स' जास्तीचें असतें, हें १९५९ सालीं पॅट्रिशिया जेकब्स व जॉन स्ट्राँग यांनीं सिद्ध केलें. साधारणपणें सहाशें मुलग्यांमागें एक असा जन्मतो. बहुतेकांस हें लग्नानंतर मूल न झाल्यावरच कळतें, आणि कित्येकांस कधींच कळत नाहीं. दुसरा दोष 'वाय' गुणसूत्राचा एखादा सूक्ष्म तुकडा गळालेला असण्याचा. त्याची चाहूल इटलींतील संशोधकांना १९७६ सालीं लागली, आणि १९९६ पर्यंत या तुकड्यांचे 'ए', 'बी' व 'सी' असे तीन विभाग निश्चित झाले. हैदराबादच्या 'सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी' या संस्थेंतील संशोधकांनीं २००३ सालीं शुक्राणुहीन अशा ३४० भारतीय पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकीं २९ जणांत असा तुकडा गळालेला आढळला.

पूर्वीं हें ज्ञान केवळ ज्ञानच राहिलें असतें. परंतु १९९२ सालीं ब्रुसेल्स येथील डॉक्टरांनीं एकच शुक्राणु सुईनें स्त्रीबीजांत सोडून गर्भ धरविल्याचें जाहीर केलें. पुढें १९९९ सालीं न्यूयॉर्क येथें सूक्ष्मदर्शकाखालीं वृषणांतील नलिका पाहून तेथूनच शुक्राणु शोधून काढण्याची शस्त्रक्रिया पुढें आली. लाखों शुक्राणूंची गरज उरली नाहीं. मोजके सांपडले तरी आशा धरतां येऊं लागली. मग प्रश्न उरला तो हाच, कीं ते कोणांत सांपडतील ?

याचें उत्तर दोष कोणता आहे त्यावर अवलंबून आहे. 'वाय'चा 'ए' विभाग संपूर्ण गळालेला असेल तर वृषणांत शुक्राणूंच्या मूळ पेशीच नसतात. 'बी' संपूर्ण गळाला असेल तर त्यांची वाढ अर्ध्यावर थांबते. या दोन्ही ठिकाणीं शुक्राणु मिळण्याची आशा जवळजवळ शून्य होय, आणि तेथें रक्ताची एक चाचणी निरर्थक शस्त्रक्रिया व खर्च दोन्ही वांचवूं शकते. 'सी' विभाग गळाला असेल तर चित्र वेगळें. कित्येकांच्या वीर्यांतच थोडे शुक्राणु असतात, व नसल्यास शस्त्रक्रियेनें निम्म्याच्या आसपास पुरुषांत ते मिळतात. मात्र अशा पुरुषास मुलगा झाला तर तोच उणा 'वाय' त्याच्याकडे जाणार, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

याच्या उलट, कांहीं पुरुषांत शुक्राणु उत्तम तयार होतात, पण वीर्यवाहिनीच जन्मतः नसते. त्यांच्यांत शुक्राणु बहुधा हमखास मिळतात. परंतु या दोषामागील जनुक पत्नींतहि बिघडलेलें असल्यास मुलास फुप्फुसांचा गंभीर विकार होऊं शकतो. म्हणून तिचीहि तपासणी अगोदर व्हावी. आणखी कांहींजणांच्या मेंदूंतून वृषणांस जाणारा संप्रेरकांचा संदेशच पोंचत नाहीं. त्यांस शस्त्रक्रिया नको, कित्येक महिने टोंचून घ्यावयाचीं औषधें हवींत, आणि त्यांपैकीं बहुतेकांत शुक्राणु दिसूं लागतात.

सर्वांत अवघड भाकीत क्लाइनफेल्टरच्या पुरुषांचें. २०१७ सालीं अनेक देशांतील १,२४८ अशा पुरुषांची माहिती एकत्र करण्यांत आली. शंभरांपैकीं सुमारें ४४ जणांत शुक्राणु मिळाले. वय, वृषणांचा आकार, रक्तांतील संप्रेरकांचें प्रमाण यांपैकीं एकाहि गोष्टीवरून, मिळणार कोणास व न मिळणार कोणास, हें आधीं ओळखतां आलें नाहीं. हल्लीं संगणकाकडूनहि अशीं भाकितें करून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. तथापि एका रुग्णालयाच्या रुग्णांवर शिकविलेलें गणित दुसऱ्या ठिकाणच्या रुग्णांवर पडताळून पाहिल्यावांचून त्यावर विसंबणें शहाणपणाचें नाहीं. शिवाय या शस्त्रक्रियेनंतर शरीरांतील पुरुषी संप्रेरक घटण्याचीहि भीति असते.

श्रोतेहो, येथें आंकड्यांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. "आमच्याकडे शेंकडा चव्वेचाळीस यश" असें वाक्य ऐकलें कीं आपण समजतों, शंभर घरांत चव्वेचाळीस मुलें. तसें नव्हे. शुक्राणु सांपडले तरी स्त्रीबीज फळावें लागतें, गर्भ रुजावा लागतो, नऊ महिने टिकावा लागतो. त्याच अभ्यासांत स्वतःचें मूल मिळण्याची शक्यता शंभरांत सुमारें १६ एवढीच निघाली. पेरलेलें सारेंच बीं उगवत नाहीं आणि उगवलेलें सारेंच खळ्यावर येत नाहीं, हें वऱ्हाडांत कोणास सांगावयास नको. म्हणून टक्केवारी ऐकतांच विचारावें : हे टक्के कशाचे ? शुक्राणु मिळाल्याचे, दिवस गेल्याचे, कीं मूल घरीं आल्याचे ? आणि आमच्यासारखाच दोष असलेल्या माणसांचे कीं सगळ्यांचे मिळून ?

असें विचारण्याचा आपणांस हक्कहि आहे. भारतांतील सहाय्यित प्रजननाच्या २०२१ च्या कायद्यानें उपचारकेंद्रांस नोंदणी सक्तीची केली असून, उपचारांतील धोके, खर्च व यशाची शक्यता जोडप्यास समजावून सांगणें हें केंद्राचें कर्तव्य ठरविलें आहे. तेव्हां शेत गहाण टाकण्यापूर्वीं आणि सोनें मोडण्यापूर्वीं गुणसूत्रांची व 'वाय'ची तपासणी झाली कीं नाहीं, एवढें तरी पाहावें. पत्नीला इंजेक्शनें घ्यावीं लागतात. दोष पतीच्या बीजांत असला तरी उपचाराचें पुष्कळसें ओझें तिच्याच देहावर पडतें. त्यामुळें निर्णयांत तिचा शब्द पहिला असावा.

कित्येकदां उत्तर "नाहीं" असेंच येतें. तें ऐकतांना घर सुन्न होतें, हें खरें. परंतु खरें "नाहीं" हें खोट्या "होईल"पेक्षां दयाळू असतें. त्यानें वर्षें वांचतात, पैसा वांचतो, आणि दात्याच्या बीजाचा, दत्तकाचा किंवा दोघांनींच सुखानें राहण्याचा विचार मोकळ्या मनानें करतां येतो. शास्त्राला प्रत्येक घरांत पाळणा हलवितां येत नाहीं. परंतु कोणत्या घरीं आशा धरावी आणि कोणत्या घरीं विनाकारण धरूं नये, हें पुष्कळ अंशीं सांगतां येऊं लागलें आहे, आणि मूल नाहीं म्हणून सुनेला दोष देण्यास तर त्यानें कांहींच आधार ठेवलेला नाहीं.