लिंबाआधी तेल

(शारदीय व्याख्यानमाला, पुष्प तिसरे, मालवण)



आधी एक सूचना. माझ्यासमोर टेबलावर दोन ग्लास आहेत. एकात फिकट पिवळं काहीतरी आहे, दुसऱ्यात कोऱ्या चहासारखं. मगाशी दीपप्रज्वलन झाल्यावर अध्यक्षांनी दुसरा ग्लास उचलला होता. मी मनगट धरलं, म्हणून आजच्या व्याख्यानाची शोकसभा झाली नाही. (हशा) दोन्ही ग्लासांत ब्रेकचं तेल आहे आणि ते विषारी असतं. पिवळं मी आज सकाळी नवी बाटली उघडून ओतलं. चहाच्या रंगाचं आहे ते याच किनाऱ्यावर चार पावसाळे काढलेल्या एका गाडीतून आलंय.

परवा पहिलं पुष्प ज्ञानेश्वरीवर होतं, काल किल्ल्यांवर. तिसरं पुष्प गॅरेजवाल्याच्या काळ्या हातात आलंय, गोड मानून घ्या. पत्रिकेत विषय छापलाय, ‘दमदार एसयूव्हीचे ब्रेक : सुधारणा आणि निगा’. सुधारणेवरही बोलेन, वेळ उरला तर. पण नवरात्र चालू आहे, खंडेनवमी तोंडावर आली आहे. त्या दिवशी तुम्ही गाडी धुणार, झेंडूचा हार घालणार, नारळ फोडणार आणि चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडणार. खुशाल चिरडा. माझं म्हणणं एवढंच की त्याआधी ब्रेकचं तेल बदला. दर दोन वर्षांनी, खंडेनवमीला. पावसाळा सरलेला असतो, तारीख विसरायला होत नाही आणि आयुधपूजा म्हणतात ती हीच.

ब्रेक कसा लागतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पास्कलचा नियम शाळेत झालाय, तो सोडतो. लँचेस्टरने १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं आणि १९५३ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर मारली, तेव्हापासून जगाने ड्रमकडे पाठ फिरवायला सुरुवात केली, हेही तुम्ही वाचलं असेल. पुढे जाऊ.

आपल्याकडे काय झालं? २००२ साली पहिली स्कॉर्पिओ आली तेव्हा तिची ताकद होती एकशेनऊ अश्वशक्ती. २०२२ साली स्कॉर्पिओ-एन आली ती पेट्रोलमध्ये दोनशेच्या घरात. फॉर्च्युनरही दोनशेच्या पुढे गेली आणि वजन दोन टनांच्या वर. १९९७ साली आपला जिल्हा पर्यटन जिल्हा झाला. आता शनिवारी सकाळी तारकर्लीच्या रस्त्यावर उभं राहून बघा, पुण्या-कोल्हापूरच्या दहा गाड्यांत सहा तरी या जातीच्या दिसतील. या सगळ्या येतात कुठून? घाट उतरून. फोंड्यातून, करूळमधून, आंबोलीतून.

आंबोली समुद्रसपाटीपासून सहाशे नव्वद मीटरवर आहे. घाट संपेपर्यंत आपण सहाशे मीटर उतरतो असं धरा. माणसं आणि सामान धरून गाडी बावीसशे किलोची. आता ती ‘डी’मध्ये टाकून नुसत्या ब्रेकवर खाली आणली, तर टायर आणि वारा खातात तेवढी सोडूनही तीसेक लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता चार डिस्कच्या वाट्याला येते. म्हणजे आंघोळीच्या पाण्याचे दोन हंडे चुलीवर चढवायचे, फक्त चूल चाकाच्या आत. दुसऱ्या मापाने सांगतो. ताशी शंभरच्या वेगातून दहा-बारा वेळा करकचून थांबायचं आणि मध्ये गाडीला धड श्वास घेऊ द्यायचा नाही. सपाटीवर कोणी असं करत नाही. घाटात सगळे करतात आणि वर सेल्फी काढतात.

ती उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून कॅलिपरच्या पिस्टनमध्ये आणि तिथून तेलात जाते. तेल उकळलं की वाफ होते. तेल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. तुम्ही पेडल दाबता, वाफ आकसते आणि चाकाला पत्ताच नसतो.

बाटलीवर डॉट तीन, डॉट चार, डॉट पाच पॉइंट एक असं लिहिलेलं असतं. डॉट तीन कोरडं असताना किमान दोनशे पाच अंशांपर्यंत उकळायला नको, डॉट चार दोनशे तीसपर्यंत, पाच पॉइंट एक दोनशे साठपर्यंत. हे झालं नव्या बाटलीचं. या तेलाला हवेतली वाफ प्यायची खोड आहे. रबरी पाइपांतून, टाकीच्या झाकणातून ते कणाकणाने पाणी ओढतं. ही खोड एका अर्थी बरीच, कारण पाणी न पिणारं सिलिकॉनचं डॉट पाच घातलं तर आत आलेलं पाणी सखल जागी, म्हणजे नेमकं कॅलिपरपाशी, साठतं आणि तिथे शंभर अंशांना उकळतं. आपल्या गाडीत ते कधी घालू नका, नुसत्या पाचच्या आकड्याला भुलू नका. तर शंभर भाग तेलात पावणेचार भाग पाणी गेलं, की डॉट चारचे दोनशे तीस उतरून एकशे पंचावन्नवर येतात. डॉट तीनचे एकशे चाळीस. आणि आपली हवा कशी? आषाढात पापड डब्यातल्या डब्यात मऊ पडतो. मग तेल काय कोरडं राहील?

आता एक किस्सा सांगतो. दोन मिनिटांत संपवतो.

सात-आठ वर्षं झाली असतील. पुण्याचे एक गृहस्थ आंबोलीला उतरले होते. ब्रेकमधून आवाज येतो, येऊन बघाल का, म्हणून फोन केला. मी एस.टी.ने वर गेलो. गाडी देखणी होती. इंजिन रीमॅप करून ताकद वाढवलेली, वीस इंची अलॉय आणि चाकाच्या फटीतून लालभडक कॅलिपर दिसतोय. मला वाटलं, शौकीन माणूस आहे, ब्रेकवर खर्च केलाय. वाकून बोट लावलं तर प्लास्टिक! (हशा) कंपनीच्या मूळ कॅलिपरवर चिकटवलेलं लाल टोपण. हसू नका, तुमच्यातल्याही काहींनी लावलंय, मी पार्किंगमधून आलोय. घाटात कॅलिपरला वारा हवा असतो, आपण त्याला कानटोपी घालतो.

ते म्हणाले, बसा, उतरता उतरता आवाज ऐका. बसलो. धुकं होतं. पुढे एक एस.टी. आपल्या चालीने उतरत होती. हे मागे ‘डी’मध्ये, पाय सतत ब्रेकवर. मी म्हटलं, साहेब, दुसरा गिअर घ्या. ते म्हणाले, ऑटोमॅटिक आहे, गाडीला कळतं. अर्धा घाट उतरलो आणि वास आला, पॅड जळल्याचा, नाकात बसणारा. मग त्यांचा पाय एकदम खाली गेला. मला ते त्यांच्या पायावरून नाही, तोंडावरून कळलं.

(सभागृहातून : पिऊन होतो काय रे तो?)

तो नव्हता हो. तेल पिऊन होतं. पाणी पिऊन! (हशा, टाळ्या)

ते पेडलवर नाचत होते. मी गिअरचा दांडा मॅन्युअलला ओढून दुसऱ्यात टाकला, इंजिनाने किंकाळी फोडली. हँडब्रेक हळूहळू वर घेतला, एकदम घेतला असता तर मागची चाकं घसरली असती. आणि स्टिअरिंग धरून डाव्या अंगाची चाकं डोंगराकडच्या गटारात घातली. गाडी घासत घासत थांबली. दरी उजवीकडे होती, हे सांगायला नको. त्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला असेल? ‘अलॉय!’ (प्रचंड हशा)

एक पोरगा धबधब्याचं पाणी बादलीत घेऊन आला, चाकावर ओतायला. त्याला दहा पावलं लांबच थांबवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकते, नाहीतर तडकते. नुसते बसून राहिलो. पाऊण तासाने मी पेडल दाबून बघितलं. घट्ट! वाफ निवून परत तेल झाली होती. गृहस्थ म्हणाले, झालं की बरोबर, निघू या. मंडळी, खरी भीती मला तेव्हा वाटली. ब्रेक गेलेली गाडी टो करून नेता येते. गेलेला ब्रेक परत आला की माणूस त्याच्यावर पुन्हा विश्वास टाकतो.

जुने ड्रायव्हर घाटात ‘पूर्वीचा वस’ या देवापाशी थांबायचे, नारळ ठेवायचे, विडी ओढायचे. देवाचं देवाला पोचायचं आणि ड्रमही निवायचे. आता आपण आरशाला गणपती टांगतो आणि न थांबता उतरतो.

त्या गाडीच्या कॅलिपरचं निपल पान्याने सैल केलं तेव्हा पारदर्शक नळीतून जे बाहेर आलं, ते या दुसऱ्या ग्लासातल्यापेक्षा गडद होतं. मात्र नुसत्या रंगावर जाऊ नका. रंग रबराने आणि मळानेही बदलतो, स्वच्छ दिसणारं तेलही पाण्याने भरलेलं असू शकतं. त्यासाठी मी एक पेन आणलंय, शेवटी दाखवतो.

(सभागृहातून : तुमका तेल इकूचा हा म्हणान सांगतास मां?)

या प्रश्नाची वाटच बघत होतो. होय, मी तेल विकतो. सगळी गाडी धुवून निघायला साधारण एक लिटर लागतं. सुरमईच्या दोन थाळ्यांच्या पैशांत ते येतं, मजुरी वेगळी. त्या लाल टोपणांवर आणि अलॉयवर मला यापेक्षा दसपट सुटलं असतं. माझं ऐकू नका, तुमच्या गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडा. ते ग्लव्ह बॉक्समध्ये आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, अजून फोडलेलं नाही. (हशा) बहुतेक पुस्तकांत दोन वर्षं लिहिलेलं सापडेल, काहींत तीन. तीन लिहिणाऱ्याने आपला आषाढ बघितलेला नाही.

मी गॅरेज टाकण्याआधी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली. तिथला ब्रेक हवेचा. एस.टी. थांबली की ‘फुस्स’ होतं, ती हवा. आता गंमत बघा. आपल्या गाडीत तेल गळलं तर ब्रेक जातो. एस.टी.त हवेचा दाब फार उतरला, की मागच्या चाकांवरच्या दणकट स्प्रिंगा सुटतात आणि ब्रेक आपोआप लागतो. हवा ब्रेक सोडवून धरते, हवा गेली की गाडी जागच्या जागी. बिघडल्यावर थांबावं, ही अक्कल वेस्टिंगहाउसने १८७०च्या दशकात रेल्वेच्या ब्रेकमध्ये घातली, आणि आमचे फोरमन नव्या पोराला पहिल्या दिवशी टाकीतली हवा सोडून ते दाखवायचे. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. ती भली मोठी बस, कोणी हात लावला नाही, आणि खट्‌कन…

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली आहेत, शेजारच्या देवळात भजनाची डबलबारी सुरू होतेय आणि पेटी लागल्याचा आवाज मलाही येतोय. बरं. सुधारणा उरकतो.

मोठ्या डिस्क, चार-सहा पिस्टनचे कॅलिपर बसवायचे का? रिकाम्या रस्त्यावर एकदाच जोरात ब्रेक मारला, तर त्याने गाडी फारशी लवकर थांबत नाही. एबीएस लागलं म्हणजे ब्रेकने आपलं काम केलं, पुढचं टायरचं. मोठी डिस्क उष्णता जास्त साठवते, म्हणून तिचा उपयोग घाटात आणि ट्रॅकवर. तेव्हा आधी टायर, मग तेल, मग पॅड. डिस्क आणि कॅलिपर सगळ्यात शेवटी. शर्यतीचे पॅड घेऊ नका, ते तापल्याशिवाय पकडत नाहीत. बाजारपेठेत म्हैस आडवी आली तर ती तुम्ही पॅड तापवेपर्यंत थांबणार नाही. वीस इंची जड चाक लावलं की ब्रेकला ते चाकही थांबवावं लागतं, हे विकणारा सांगत नाही. पोर्शने २०१७च्या सुमारास नव्या कायेनसाठी टंगस्टन कार्बाइडचा मुलामा दिलेल्या डिस्क काढल्या, त्या गंजतही कमी. किंमत विचारू नका.

गंजावरून आठवलं. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला, तेव्हा पायात शिसं ओतलं असं आपण पाहुण्यांना सांगतो. लोखंड ओतलं असतं तर कालच्या वक्त्यांना विषय उरला नसता! रात्रीत डिस्कवर तांबूस थर येतो त्याला घाबरू नका, चार ब्रेकमध्ये निघून जातो. न दिसणारा गंज वाईट. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या खाऱ्या हवेने आणि जांभ्याच्या धुळीने अडकतात. मग एका बाजूचा पॅड पत्र्यापर्यंत झिजतो आणि दुसरा नव्यासारखा राहतो. पावसाळ्यानंतर त्या पिना काढून, पुसून सिलिकॉनचं ग्रीस लावून घ्या. साधं ग्रीस नको, रबराचे बूट फुगतात. देवबागच्या वाळूत गाडी घालणाऱ्यांना काय सांगू? घालू नका म्हटलं तर ऐकणार नाहीत. निदान त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने चाकं आतून धुवा. मात्र डिस्क गार झाल्यावर.

ड्रमबद्दल बोलायचं राहिलं. पुढच्या वर्षी बोलावलंत तर.

दुसरी चिठ्ठी. हे ते पेन. टोक टाकीत बुडवायचं, हिरवा दिवा लागला तर ठीक, पिवळा लागला तर तयारीला लागा, तांबडा लागला तर गाडी घाटात नेऊ नका. व्याख्यानाआधी बाहेर उभ्या असलेल्या एका पांढऱ्या गाडीत मी ते बुडवून बघितलं, मालकांची परवानगी घेऊन. मालकाचं नाव घेत नाही, ते माझ्या उजव्या हाताला बसलेत. (हशा) अध्यक्ष महोदय, तांबडा लागला. उद्या सावंतवाडीहून वर लग्नाला जाणार आहात असं मगाशी चहा घेताना म्हणालात. एस.टी. सकाळची आहे. परतल्यावर गाडी माझ्याकडे पाठवा, गॅरेज आठला उघडतं. आणि तो ग्लास कृपा करून माझ्याकडे सरकवा, तुम्ही पुन्हा त्याच्याकडे बघताय.