पहिला चेंडू उसवावाच लागतो

(तेलगाव येथे साहाय्यकांच्या बैठकीत एका भगिनीने केलेले भाषण)



माझ्या हातात आहे ते कासव आहे. मागे बसलेल्यांना बटाटा वाटला असेल, तर दोष त्यांच्या डोळ्यांचा नाही. क्रोशाने विणलेलं हे माझं पहिलं खेळणं. वयाची साठी उलटल्यावर मी हे शिकले. का शिकले, तेच आज सांगायचं आहे.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आम्ही काहीजणी इथून जवळच्या एका तांड्यावर गेलो होतो. तेलगावला साखर कारखाना आहे, तरी इथल्या चौकातून दर वर्षी ऊसतोड कुटुंबांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. भांडी, पांघरुणं, पीठ आणि लेकरं घेऊन पुढचे पाच-सहा महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत काढायचे.

आम्ही मंडळीतून गोळा केलेली जुनी खेळणी नेली होती. चाकाच्या मोटारी, बोलणं बंद झालेल्या बाहुल्या. एका आईने मोटार उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. म्हणाली, "मावशी, ह्ये फडात टिकत नाही. चाक निघालं की लेकरू तोंडात घालतं." मी विचारलं, मग काय टिकेल? ती म्हणाली, "मऊ पाहिजे, धुता आलं पाहिजे. तुम्हाला येतं का करायला?"

मला येत नव्हतं. घरी येताना तोच प्रश्न डोक्यात होता. इतकी वर्षं आपण देत आलो, पण स्वतःच्या हाताने काय केलं?

अशा विणलेल्या छोट्या खेळण्यांना जपानीत अमिगुरुमी म्हणतात. 'आमि' म्हणजे विणलेलं आणि 'नुइगुरुमी' म्हणजे आत काहीतरी भरून केलेलं बाहुलं. नाव अवघड असलं तरी सामान साधं आहे. फिक्या रंगाचा मध्यम जाड सुती दोरा, ३ मिलिमीटरची क्रोशाची सुई, भरायला कापूस आणि शिवायला मोठ्या नेढ्याची सुई. सुरुवातीला केसाळ लोकर घेऊ नका, तिच्यात टाके दिसत नाहीत.

येथे एकच टाका लागतो, मुका खांब. सुई टाक्यात घालायची, दोरा ओढून घ्यायचा. सुईवर दोन फासे दिसले की पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून काढायचा. सरकत्या गाठीत असे ६ टाके घातले की पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन घालून १२, मग १८, मग २४. वाढवणं थांबवून २४ च्याच चार फेऱ्या घातल्या की वाटी उभी राहते. मग उलट, १८, १२, ६. तोंड बंद होण्याआधी कापूस भरायचा. एकूण १९२ टाके आणि लिंबाएवढा चेंडू. डोकं, धड, पाय, सगळं याच हिशोबाने होतं.

ऐकायला सोपं आहे. माझा पहिला चेंडू सहा वेळा उसवला. कधी २४ चे २७ व्हायचे, कधी २१. चिडून मी सुई ठेवून दिली होती. मग इथल्या हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या एका सातवीतल्या मुलीने माझं काम पाहिलं. तिची आई आरसे लावून भरतकाम करणारी, आजी गोधड्या शिवणारी. तिने फेरीच्या पहिल्या टाक्यात लाल दोऱ्याचा तुकडा अडकवला आणि म्हणाली, "आजी, फेरी कुठं सुरू झाली हेच तुम्हाला कळत नाही." शिकवायला म्हणून गेले होते मी, आणि शिकून आले.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. लहान लेकरांच्या खेळण्याला मणी किंवा बटणाचे डोळे लावू नका, निघाले तर घशात अडकतात. काळ्या दोऱ्याने डोळे विणा. आणि टाके घट्ट ठेवा, नाहीतर फटीतून कापूस बाहेर येतो.

आता पुष्कळजण विचारतात, ही खेळणी विकून बायांना रोजगार देऊ या का? माझ्या कासवाला ९ तास लागले. २०० रुपयांना विकलं तर तासाला २२ रुपये, आणि त्यातूनच दोरा-कापूस. आंध्रातल्या नरसापूरची गोष्ट आपण विसरू नये. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली. हेतू चांगला होता. पुढे ती लेस परदेशात गेली आणि व्यापारी मोठे झाले. पण मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की तासन्‌तास विणणाऱ्या बायकांच्या हाती अगदी थोडं पडत होतं. त्या 'घरी बसलेल्या' म्हणून त्यांचं काम कामच धरलं जात नव्हतं. म्हणून माझी विनंती, कोणाला पोकळ आशा दाखवू नका. विकायचंच ठरलं, तर आधी तास लिहा आणि मग किंमत ठरवा.

खेळण्याने ऊसतोड थांबत नाही. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला फडावर न जाता शाळेत राहावी, यासाठी वसतिगृह लागतं, जेवण लागतं, तिची विचारपूस करणारं माणूस लागतं. ते काम आधी. खेळणं त्याच्या जागी नाही, त्याच्या सोबत आहे.

तेव्हा यंदा मोडकी खेळणी पाठवू नका. प्रत्येकाने एक खेळणं स्वतः विणा, भाऊसाहेबांनीसुद्धा. दसऱ्याच्या आत आणून द्या. उसवावं लागेल तेव्हा लाजू नका. दोरा वाया जात नाही, तोच पुन्हा वापरता येतो.

आणि हो, दुसरं कासव मी त्या आईच्या लेकराला नेऊन दिलं. हे पहिलंही सोबत होतं, पण ते मी पिशवीतच ठेवलं. लेकराने पिशवीत हात घालून हेच बाहेर काढलं आणि सोडेना. शेवटी आईनेच समजूत घालून ते परत दिलं. म्हणाली, "मावशी, ह्ये तुम्ही ठेवा. पुढच्या बायांना दाखवा, असंच सुरू होतं म्हणून."

म्हणून आज दाखवलं.